आबासाहेबांचा फेटा

आबासाहेब कुत्र्यालाही अहो म्हणत. सांगलीला माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा पायरीवर आमच्या गल्लीतलं एक लूत लागलेलं कुत्रं आडवं पसरलं होतं. गिऱ्हाईक त्याला लाथ घालूनच आत यायचं. आबासाहेब थांबले, किंचित वाकले आणि म्हणाले, "जरा सरता का?" कुत्रं सरलं. का सरलं ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून मी हाड् म्हटलं की ते जागचं न हलता माझ्याकडे तुच्छतेने बघायचं.

मी माणसांची चित्रं रंगवतो, तेलरंगात. बँकांचे संस्थापक, साखर कारखान्यांचे चेअरमन, शाळेला जमीन देणारे दाते, हे माझं गिऱ्हाईक. पूर्वी या भागात कुणी मोठा माणूस गेला की बाराव्याच्या आत त्याचा फोटो माझ्याकडे यायचा. हल्ली तो फ्लेक्सवाल्याकडे जातो. फ्लेक्सवर काळा माणूस एका तासात गोरा होतो आणि पहिल्या पावसाळ्यात फाटतो. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, रक्तदाब वाढतो.

आबासाहेब मेढ्याच्या अलीकडच्या एका गावचे. घराणं सरदारांचं. आडनाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर साताऱ्याचे लोक लगेच थोरली पाती की धाकटी पाती ते विचारतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. जहागीर आजोबांच्या वेळीच गेली होती. वाडा वडिलांनी उतरवून तिथे साधा दुमजली बंगला बांधला होता, आणि पूर्वी म्हणे जिथे हत्ती झुलायचा तिथे आता ट्रॅक्टर उभा असायचा. शेतात स्ट्रॉबेरी आणि थोडा ऊस. घराण्याचं म्हणून उरलं होतं ते वागणं, आणि फेटा.

त्या पहिल्या भेटीत ते आले होते वडिलांचं चित्र बघायला. मी फोटोवरून रंगवलेलं होतं आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो. आबासाहेबांनी ते जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, आणि म्हणाले, "चेहरा वडिलांचाच आहे. फेटा मात्र दुसऱ्या कुणाचा तरी चुकून डोक्यावर आलाय."

"फेटा काय, सगळे सारखेच," मी म्हणालो.

यावर दुसरा कुणी वाद घालत बसला असता. आबासाहेबांनी डोक्यावरचा स्वतःचा फेटा काढला, सगळं कापड मोकळं केलं, एक टोक दातात धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "ही शेव ताणून धरा. एवढी मदत चालते." मग त्यांनी माझ्यासमोर फेटा बांधला. उजवा कान झाकलेला, डावा उघडा, दातात धरलेलं टोक शेवटी मागे सोडलेलं. बांधता बांधता नियमही सांगितला. त्यांच्या घरात मिसरूड फुटलं की मुलाने आपला फेटा आपण बांधायचा. त्यानंतर मरेपर्यंत त्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागायचा नाही.

"न्हावी?" मी विचारलं.

"न्हाव्याला सूट आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "पण त्यांनीही विचारून लावायचा."

मी फेटा पुसून नव्याने रंगवला. आमची मैत्री तिथून सुरू झाली आणि ते जाईपर्यंत टिकली. त्यांची बहीण सांगलीला दिलेली होती. तिच्याकडे आले की दुपारचे माझ्याकडे येत. मला ते 'चित्रकार' म्हणत. बाकी सगळी सांगली मला पेंटर म्हणते. मी कामाच्या गडबडीत असलो की ते एकच वाक्य बोलत, "चित्रकार, घाई असेल तर बसा." हे वाक्य मी पुढे माझ्या मुलांनाही ऐकवलं. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

आता इतक्या सभ्य माणसात काही खोट नसेल असं वाटत असेल, तर त्यांच्याबरोबर कॅरम खेळायला हवं होतं. कॅरममध्ये ते सरळ सरळ लबाडी करत. राणी घेतली की तिच्यामागून एक सोंगटी घ्यावी लागते, नाहीतर राणी परत ठेवायची. आबासाहेब राणी घेत आणि खिशातच टाकत. मी हटकलं की म्हणत, "अहो, राणीला सोबत कशाला? आता काळ बदललाय." मिशांचाही त्यांना विलक्षण अभिमान होता. माझ्या दुकानात आले की आधी आरशाकडे जात, मग माझ्याकडे.

वाईला एका लग्नात ते पंगतीत वाढत होते. यजमान त्यांच्या जुन्या कुळांपैकी कोणीतरी. पण आपल्या माणसाच्या घरचं कार्य म्हणजे आपण शेवटी जेवायचं, ही त्यांची रीत. उन्हामुळे फेटा काढून ठेवला होता, कमरेला टॉवेल गुंडाळला होता. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून हुकूम सोडायला सुरुवात केली. "ए, जिलबी इकडे. अरे, मठ्ठा कुठाय?" आबासाहेब प्रत्येक वेळी "आणतो" म्हणून आणत राहिले. जेवण उरकल्यावर त्या पाहुण्याला कुणीतरी कानात सांगितलं. बिचारा हात धुवायचा विसरून धावत आला. आबासाहेबांनी जिलबीची परात पुढे केली. "आणखी घेणार का?" एवढंच. त्या गृहस्थाने घाबरून आणखी घेतली, आणि ती त्याने कशी संपवली ते आम्ही सगळ्यांनी उभं राहून पाहिलं.

त्यांच्या गावची जत्रा चैत्रात. जत्रेला कुस्त्यांचं मैदान भरतं आणि शेवटची कुस्ती मारणाऱ्या पैलवानाला फेटा बांधायचा मान त्यांच्या घराकडे. मी दोन-तीनदा मुद्दाम गेलो होतो. लाल माती, हलगीचा कडकडाट, आणि मधोमध आबासाहेब. माईकशिवाय बोलले तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. पैलवानाच्या डोक्याला ते अशा झपाट्याने फेटा चढवत की त्याला घाम पुसायलाही सवड मिळत नसे.

त्या माणसाला दिवाळीच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण डावा हात गेला, डावा पाय फरपटू लागला, आणि चेहऱ्याची डावी बाजू खाली उतरली. जीभ जड झाली. घरी आल्यावर त्यांनी पुढच्या ओट्यावर बसणं सोडलं आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. गावातली माणसं भेटायला येत, त्यांच्या पत्नी, वहिनीसाहेब, प्रत्येकाला सांगत, "आत्ताच डोळा लागलाय." महिना झाला तरी डोळा लागलेलाच.

मी गेलो तेव्हा मलाही तेच सांगितलं. आतून खोकल्याचा आवाज येत होता. मी ओट्यावर बसलो. वहिनीसाहेबांनी चहा आणला, नंतर पोहे आणले, नंतर जेवायचं विचारलं. मी दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "मला सांगलीला जायची फार घाई आहे, म्हणून बसलोय."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ते काठी टेकत आले आणि समोर बसले. उजव्या हातात पंचा होता आणि तो त्यांनी तोंडावर धरला होता. सगळं बोलणं त्या पंच्यातून. "लाळ गळते," ते म्हणाले. "लोकांसमोर बरं दिसत नाही." मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण लपवलं असतं तर त्यांना जास्त लागलं असतं.

आम्ही असे बसलेलो असताना सुभेदार आले. हे फौजेतून निवृत्त झालेले गावचेच गृहस्थ, हायस्कूलच्या संस्थेचे अध्यक्ष. हायस्कूलची जमीन आबासाहेबांची, आणि शाळेसाठी साताऱ्याला खेटेही त्यांनीच घातलेले. जत्रेच्या सकाळी शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं चित्र लावायचं, असं संस्थेने ठरवलं होतं. सुभेदारांनी खिशातून एक जुना फोटो काढला. मिशा पिळलेल्या, फेटा झोकात.

"आबासाहेब, आपल्याला कायबी तकलीफ न्हाई," सुभेदार म्हणाले. "पेंटर ह्या फोटोवरनं काढतील. लय रुबाबदार हाय फोटो, फर्स्ट क्लास."

आबासाहेबांनी फोटो हातात घेतला नाही. पंच्याआडून म्हणाले, "फोटोवरून मेलेल्या माणसाचं काढतात. मी अजून आहे ना?"

"व्हय की. पर आता..." सुभेदार अडखळले.

"मी समोर बसेन. आहे तसा," आबासाहेब म्हणाले. "पण बोडक्या डोक्याने बसणार नाही."

वहिनीसाहेबांची नजर त्यांच्या डाव्या हाताकडे गेली. तो मांडीवर नुसता ठेवलेला होता. आता यातला पेच आम्हा तिघांनाही कळला होता. फेटा नाही तर चित्र नाही. चित्र नाही तर हा माणूस मागच्या खोलीतून बाहेर येत नाही. आणि जो हात फेटा बांधणार तो तर गेलेला. सुभेदार भला माणूस, पण शिपाईगडी. ते म्हणाले, "फेटा आमी बांधतो की." त्यावर आबासाहेबांनी मान दुसरीकडे फिरवली. सुभेदार चहा न घेताच गेले.

पुढचे काही महिने मला वहिनीसाहेबांचे फोन येत होते. त्या हळू आवाजात बोलत, पण मधूनच त्यांना हसूही यायचं. "आज पुन्हा कापड घेऊन बसलेत. एका हाताने गुंडाळतात, कपाळावरून घसरतं, मग तो पिळा भिंतीवर फेकतात. काल मी नुसतं म्हणाले की मी बांधू का, तर संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत." सुभेदारांनी साताऱ्याच्या दुकानातून एक शिवलेला तयार फेटा पाठवला, टोपीसारखा डोक्यावर ठेवला की झालं. आबासाहेबांनी तो नीट बघितला, काठी टेकत अंगणात गेले आणि ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर चढवला. "त्यांना शोभतो," म्हणाले. झटका आल्यापासून ते अंगणात गेले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

शिमगा झाला. स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आला आणि मागच्या शेतात गडी ठिबकच्या नळ्या गोळा करू लागले. खोलीच्या खिडकीतून आबासाहेब ते बघत होते. लांबच लांब नळी जमिनीवर पसरलेली असते. ती कुणी हाताने गुंडाळत बसत नाही. एक चकरी असते. ती फिरवली की नळी आपोआप येऊन तिच्यावर बसते. आबासाहेबांनी हे लहानपणापासून नव्हे, पण ठिबक आल्यापासून दरसाल बघितलं असणार. त्या दिवशी मात्र त्यांनी वहिनीसाहेबांना हाक मारली आणि म्हणाले, "अहो, आम्ही उलटं करत होतो. कापड डोक्याभोवती फिरवायचं नाहीच."

दोन दिवसांनी मला फोन आला. या वेळी ते स्वतः बोलले. "चित्रकार, रंग घेऊन या."

मी गेलो. दिवाणखान्यातलं सगळं सामान भिंतीला लावलेलं होतं. मोतिया रंगाच्या फेट्याचं कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं आणि त्याची एक शेव खिडकीच्या गजाला बांधलेली होती. आबासाहेबांनी ती सोडायला लावली आणि माझ्या हातात दिली. "गज चांगले आहेत, पण पुढे येत नाहीत. तुम्ही ताणून धरा आणि मी फिरेन तसे जवळ या. डोक्याला हात लावायचा नाही."

"आणि पडलात तर?"

"पडलो तर लावा."

त्यांनी दुसरं टोक दातात धरलं. डावी बाजू धरत नव्हती, म्हणून उजव्या दाढांत. काठी वहिनीसाहेबांकडे दिली. उजवा हात डोक्यावर ठेवला आणि ते स्वतःभोवती फिरू लागले. उजवा पाय टाकायचा, डावा ओढून घ्यायचा, पुन्हा उजवा. प्रत्येक वळणाला कापडाचा एक वेढा डोक्यावर येऊन बसत होता आणि उजवा हात तो दाबत होता. वहिनीसाहेब दोन्ही हात पसरून त्यांच्याभोवती फिरत होत्या, स्पर्श न करता. मी शेव ताणून एकेक पाऊल पुढे सरकत होतो. तिघंही घामाघूम. मध्ये एकदा त्यांचा तोल गेला, आम्ही दोघं पुढे झालो, आणि त्यांनी दातातलं कापड न सोडता आमच्याकडे असं बघितलं की आम्ही मागे झालो. ते भिंतीला टेकले, श्वास घेतला, पुन्हा फिरू लागले.

मी त्यांच्या अगदी समोर पोचलो तेव्हा हातातलं कापड संपलं होतं. त्यांनी शेवटची शेव उजव्या हाताने खोचली, दातातलं टोक मागे सोडलं आणि सरळ आरशाकडे गेले. फेटा डावीकडे कलला होता, उजवा कान झाकण्याऐवजी निम्माच झाकला होता. बराच वेळ ते बघत राहिले.

"बांधलाय," ते म्हणाले.

वहिनीसाहेब पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने शिऱ्याचा वास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर बसले. फेटा पुन्हा बांधलेला, आदल्या दिवसापेक्षा बरा. पण बसल्या बसल्या पंचा तोंडावर गेला. मी रंग काढले, ते कालवले, पुन्हा कालवले.

"का थांबलात?" त्यांनी विचारलं.

"उजेड यायची वाट बघतोय."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन चांगलं आतपर्यंत आलेलं होतं. त्यांनी पंचा खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. आदल्या दिवशी कापडाआड निम्मं झाकलेलं त्यांचं ते तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पुरतं पाहिलं. त्यांच्या घरातल्या सगळ्या चित्रांत पुरुषांचा हात तलवारीच्या मुठीवर आहे. मी त्यांचा हात पंच्यावर ठेवला. उतरलेली पापणी, ओघळलेला ओठ, एका बाजूने पिळदार आणि दुसऱ्या बाजूने पडलेली मिशी, सगळं जसंच्या तसं रंगवलं. चित्र पुरं झाल्यावर वहिनीसाहेब ते बघून म्हणाल्या, "उजवीकडून सासरे दिसतात आणि डावीकडून सासूबाई. इतकी वर्षं सासूबाई कुठे लपल्या होत्या कोण जाणे." आबासाहेब यावर इतके हसले की पंचा लागला.

इतकी वर्षं मी धंदा केला, पण हे चित्र माझं सगळ्यात चांगलं काम आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगायच्या आत सुभेदार आले.

सुभेदारांनी चित्र पाहिलं, कॅप काढली, पुन्हा घातली. "आबासाहेब, माफी असावी. पर पोरं-बाळं बघणार. पेंटरनी त्वांड जरा सरळ करून दिलं तर? दोन मिंटाचं काम."

मी काही बोलायच्या आत आबासाहेब म्हणाले, "सुभेदार, आज संध्याकाळपासून मी ओट्यावर बसणार आहे. भिंतीवर एक आणि ओट्यावर दुसराच, असं झालं तर पोरांनी रामराम कुणाला घालायचा?"

सुभेदारांनी विचार केला. मग एकदम सावधान उभे राहिले. "बराबर हाय," म्हणाले, आणि चित्र स्वतः उचलून जीपमध्ये ठेवलं.

जत्रेच्या सकाळी शाळेच्या हॉलमध्ये चित्रावरचा पडदा काढला तेव्हा लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून अगदी जवळ गेली, चित्राकडे बघितलं, खुर्चीवरच्या आबासाहेबांकडे बघितलं आणि म्हणाली, "आमच्या धन्याचं बी आसंच झाल्तं. आमी कुनाला दावलं न्हाई." मग तिने खाली वाकून चित्राला नव्हे, आबासाहेबांना नमस्कार केला. टाळ्या त्यानंतर सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

दुपारी मैदान. शेवटची कुस्ती कुंडलच्या पैलवानाने मारली, मिरजेच्या गड्याला ढाकेचा डाव लावून. सुभेदारांनी, न जाणो, म्हणून पिशवीत एक शिवलेला फेटा आणला होता. मला तो दिसला. पण आबासाहेब आधीच काठी माझ्याकडे देऊन मातीत उतरले होते. हलगी थांबली. त्यांनी केशरी कापडाचा पिळा मोकळा केला. एका हाताने दुसऱ्याला फेटा कसा बांधणार, हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता.

आबासाहेबांनी हरलेल्या पैलवानाला जवळ बोलावलं. तो मान खाली घालून निघालाच होता. "अहो, कुठं चाललात? ही शेव धरा, ताणून." त्याने धरली. दुसरं टोक त्यांनी कुंडलच्या पैलवानाच्या दातात दिलं, त्याच्या डोक्यावर आपला उजवा हात ठेवला आणि म्हणाले, "आता फिरा."

"मी?" पैलवान दातातल्या दातात म्हणाला.

"तुम्हीच. मी कापड बसवतो."

तो रेड्यासारखा गडी लाल मातीत लहान मुलीगत गिरक्या घेऊ लागला. आधी लोक हसले. मग हलगीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने त्या गिरक्यांवर ताल धरला, आणि अख्खं मैदान शिट्ट्या वाजवायला लागलं. मिरजेचा गडी शेव धरून पुढे पुढे येत होता आणि तोही हसत होता. कापड संपलं तेव्हा जिंकलेला आणि हरलेला समोरासमोर उभे होते, मध्ये आबासाहेब. त्यांनी शेव खोचली आणि टोक मागे सोडलं. फेटा थोडा डावीकडे कललेला.

मिरजेचा गडी हळूच म्हणाला, "आबासाब, मला कवा बांधणार?"

"पुढच्या वर्षी जिंका. मी आहे," आबासाहेब म्हणाले. जड जिभेनेच म्हणाले, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. श्रावणात झोपेतच गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढचे शेवटचे आबासाहेब त्या मैदानातलेच आहेत. काठी माझ्याकडे होती. मी ती घेऊन निघालो तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि ते एकटे घराकडे निघाले. उजवा पाय टाकत, डावा ओढत, तोंड उघडं, पंचा खांद्यावर. एवढी गर्दी, पण त्यांच्यापुढे वाट होत गेली. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, त्यांत मघाचे दोन्ही पैलवान होते, आणि आबासाहेब मध्ये एकदा चांगलेच झोकांडले. तरी कुणी त्यांना हात दिला नाही. तेवढी अदब त्या दिवशी सगळ्या गावाला होती.